नुसतं 'मस्त झालीय' म्हणू नका

मागच्या अंकात घरी बनवलेली बिअर एकमेकांना चाखायला देण्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, लग्नानंतर बरीच वर्षं मी कोलोरॅडोत होते आणि तिथल्या होमब्रू क्लबात नेमाने जायचे त्याबद्दल. मला वाटलं हा विषय फार कुणाच्या कामाचा नाही, पण नाशिकमधूनच इतके मेल आले की हा सगळा अंक त्यालाच देतेय. बऱ्याच जणांची मुलं, पुतणे, जावई बाहेर राहतात, तिकडे घरी बिअर बनवतात आणि सुट्टीत येताना बाटल्या घेऊन येतात असं दिसतंय. सगळे प्रश्न छापणं शक्य नाही, निवडक घेतलेत.

ताई, माझा पुतण्या डेन्व्हरला असतो, तो डिसेंबरमध्ये आला तेव्हा स्वतः बनवलेल्या बिअरच्या पाच बाटल्या घेऊन आला. आम्ही भाऊ, मेहुणे मिळून नऊ जण बसलो, मिसळ मागवली होती, सगळ्यांनी चाखली आणि सगळे मस्त झालीय मस्त झालीय म्हणाले. तर पोरगं खूश व्हायचं सोडून तोंड पाडून बसलं, म्हणाला काका तुम्ही कुणीच नीट चाखली नाहीत. आमचं काय चुकलं? – एक वाचक, गंगापूर रोड

काका, आधी त्या पाच बाटल्यांचं बघा. परदेशातून येताना माणशी दोन लिटर दारू ड्यूटी न भरता आणता येते, अमेरिकेतली साधी बिअरची बाटली ३५५ मिलीची असते, म्हणजे पाच बाटल्यांचे पावणेदोन लिटरच्या थोडे वर होतात आणि सहावी घातली की दोन लिटरच्या पुढे जातं. म्हणजे पोराने हिशोब करून, कपड्यांत गुंडाळून, बॅगेत बाकीच्या सामानाची जागा सोडून त्या आणल्यात. एवढ्या लांबून त्या आणल्या कशाला, तर तुमचं मत ऐकायला. नुसतं मस्त म्हटलं की त्याच्या हातात काहीच पडत नाही, पुढच्या बॅचला काय बदलायचं हे त्याला कळत नाही.

आमच्या क्लबात पद्धत अशी होती की बाटली उघडली की बनवणाऱ्याने गप्प बसायचं. काय घातलंय, किती दिवस ठेवलीय काहीही सांगायचं नाही. बाकीच्यांनीही आपापसात बोलायचं नाही, प्रत्येकाने कागदावर आधी लिहायचं आणि सगळ्यांचं लिहून झाल्यावरच बोलायला सुरुवात. हे फार महत्त्वाचं आहे कारण कुणीतरी पहिल्यांदा 'संत्र्याचा वास येतोय' म्हणालं की बाकी सगळ्यांना संत्रंच यायला लागतं, आणि आपल्याकडे तर घरातला मोठा माणूस बोलला की विषयच संपला.

आता मिसळीचं. मला नाशिकची मिसळ जीव की प्राण आहे पण चाखायच्या आधी ती नको, चाखून झाल्यावर भरपूर खा. तिखटाने जीभ पोळलेली असली की बिअरमधला कडूपणा आणि गॅस दोन्ही जास्त टोचतात आणि माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, गोडी कळतच नाही. कच्चा कांदा नको, लसणाची चटणी नको, खोलीत उदबत्ती नको, अंगाला अत्तर नको. मध्ये मध्ये साधा पाव नाहीतर नुसते मुरमुरे आणि साधं पाणी, बस.

ग्लास काचेचेच घ्या, स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही. नाशिककरांच्या घरात वाइनरीतून आणलेले दोनचार ग्लास असतातच, ते तोंडाशी निमुळते असल्यामुळे वास कोंडून धरतात, अगदी योग्य आहेत. फक्त नीट खळबळून घ्या, तेलाचा नाहीतर साबणाचा अंश राहिला तर फेस लगेच बसतो आणि दोष बिचाऱ्या बिअरला लागतो. एका वेळी अर्धा कप पण नको, ४०-५० मिली पुरतं, नऊ जणांत एक बाटली त्याच हिशोबाने जाते. आणि क्रम फिकीपासून गडदकडे, हलकीपासून स्ट्राँगकडे, कमी कडूपासून जास्त कडूकडे. आयपीएसारखी खूप कडू बिअर पहिल्यांदा पाजलीत तर नंतरची गव्हाची बिअर पाण्यासारखी लागणार. फार गार पण करू नका, फ्रीजमधून काढून फिकी बिअर पाच मिनिटं आणि स्टाउटसारखी काळी बिअर वीसेक मिनिटं बाहेर ठेवा, एकदम गार असली की वास उठतच नाही.

ओतल्या ओतल्या फेस आहे तोवर नाक घाला, एक लांब श्वास नको, दोनतीन छोटे छोटे हुंगे. मग घोट. आणि वाइनसारखी थुंकायची नाही, गिळायची, कारण कडूपणा खरा कळतो तो गिळल्यानंतर आणि वासाचाही एक भाग घशाकडून वर नाकात जातो. तिकडे बिअर जज करणाऱ्यांची बीजेसीपी नावाची संस्था आहे, १९८५ पासूनची, त्यांच्या गुणपत्रिकेत एकूण ५० मार्क असतात, त्यात वासाला १२, दिसण्याला फक्त ३, चवीला २०, तोंडात कशी वाटते त्याला ५ आणि एकूण मताला १०. आपण रंगावरून अर्धा तास वाद घालतो, त्याला ३ मार्क आहेत हे लक्षात ठेवा.

पुढच्या वेळी असं बसा आणि नऊच्या नऊ चिठ्ठ्या पुतण्याच्या हातात द्या.

ताई, आमचे जावई मँचेस्टरला असतात, हौशी आहेत, घरी बिअर बनवतात. यंदा त्यांनी आणलेली बिअर मी, माझे मिस्टर आणि व्याही असे तिघांनी चाखली. खोटं कशाला सांगू, उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास येत होता. दुसऱ्या बाटलीला लोण्याचा. आता जावयाला असं तोंडावर कसं सांगायचं? मिस्टर म्हणतात गप्प बस. – एक वाचक, देवळाली कॅम्प

अहो तुमचं नाक एक नंबर आहे! ओळखलंत ते दोन्ही वास अगदी नेहमीचे, पुस्तकातले आहेत आणि दोन्हींचं कारण माहीत आहे, त्यामुळे जावईबापूंना सांगाच, त्यांना आनंदच होईल.

उकडलेल्या मक्याचा वास येतो तो डायमिथाइल सल्फाइडचा. फिक्या, म्हणजे पिल्सनर जातीच्या माल्टमध्ये त्याचा मूळ पदार्थ जास्त असतो, माल्टचं पाणी उकळताना त्याचं डायमिथाइल सल्फाइड होतं आणि वाफेबरोबर उडून जातं. पण पातेल्यावर झाकण ठेवलं, उकळी कमी वेळ दिली, किंवा उकळून झाल्यावर ते तासन् तास हळूहळू निवत ठेवलं तर ते आतच राहतं. म्हणून तिकडची अनुभवी मंडळी पिल्सनर माल्ट असलं की झाकण न ठेवता ९० मिनिटं खळखळ उकळतात आणि मग पटकन थंड करतात.

लोण्याचा, म्हणजे थिएटरातल्या बटर पॉपकॉर्नसारखा वास असतो तो डायअ‍ॅसिटिलचा. तो यीस्टमुळेच तयार होतो आणि गंमत अशी की यीस्टच तो नंतर खाऊन टाकतं, पण त्याला वेळ दिला तर. घाईने यीस्टवरून बिअर काढून घेतली किंवा थंड केली की तो वास तसाच राहतो. लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवलेली बिअर, बनवणारे म्हणून शेवटी दोनतीन दिवस तापमान थोडं वाढवून ठेवतात, यीस्टला तेवढं काम पुरं करू देतात.

आता सांगायचं कसं. तुमच्या मिस्टरांची भीती मला कळतेय, जावई म्हटलं की आपल्याकडे ताटात काय कमी पडलं हे जावयाने सांगायचं असतं, सासूने नाही. मग तुम्ही निकाल देऊ नका, प्रश्न विचारा. 'जावईबापू, उकळताना झाकण ठेवलं होतंत का हो?' एवढंच. जो माणूस स्वतः बनवतो तो हा प्रश्न ऐकून ताडकन उठून बसेल, 'आई, तुम्हाला मका आला का?' असं स्वतःच विचारेल बघा. आणि चांगलं जे लागलं तेही तितक्याच नेमकेपणाने सांगा, फेस टिकला, शेवटी सुकी, म्हणजे गोडी न उरलेली, लागली, बिस्किटासारखी चव आली. जे जमलंय ते पुढच्या वेळी हातचं जाऊ नये म्हणून तेही माहीत व्हावं लागतं.

अजून चार वास सांगून ठेवते. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर कोवळी आहे, लवकर काढली. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर हवा लागलीय नाहीतर जुनी झालीय. दवाखान्यातल्या बँडेजचा आला तर बहुतेक नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा प्रताप, ते आधी काढायला हवं होतं. आणि केळं नाहीतर लवंग आली तर लगेच दोष लिहू नका, आधी विचारा कोणती बिअर आहे, कारण बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळं आणि लवंग हेच तर पाहिजे असतं, ते यीस्टच देतं, कुणी केळं घातलेलं नसतं.

मी इंदिरानगरला राहतो, आयटीत आहे. घरीच २० लिटरचा सेट मागवून बिअर बनवायचा विचार आहे, स्वतःपुरतीच, विकणार नाही. मित्रांना चाखायला बोलवेन. चालेल ना?

नाही चालणार. स्पष्टच सांगते कारण याबद्दल गोलमाल उत्तरं फार फिरतात. १९४९ च्या आपल्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात लायसन्सशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे आणि बिअर त्यात येते, स्वतःपुरती बनवली तरी येते. प्यायलासुद्धा परमिट लागतं आणि बिअरसाठी वय २१ पूर्ण पाहिजे. बाहेरून आणलेल्या बाटल्या चाखायला बसणाऱ्यांनी पण परमिट काढून ठेवा.

अमेरिकेतही हे कायम मोकळं नव्हतं बरं का. तिथली दारूबंदी उठली १९३३ ला पण घरी बिअर बनवायची सूट तेव्हा मिळाली नाही, ती मिळाली १९७८ मध्ये, प्रेसिडेंट कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने, तीसुद्धा एका माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन मोठी माणसं असतील त्या घराला २०० गॅलनपर्यंत, आणि विकायची नाहीच. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी तर २०१३ ला परवानगी दिली. ब्रिटनमध्ये लायसन्सची अट १९६३ ला गेली. म्हणजे कायदे बदलतात, पण बदलेपर्यंत आपण थांबायचं.

तोवर हौस कशी भागवायची? मला विचाराल तर जीभ तयार करा. उद्या कधी कॅनडाला नाहीतर जर्मनीला नोकरी लागली आणि बनवायची वेळ आली तर चाखता येणारा माणूस नवशिक्यांत चार पावलं पुढे असतो. दुकानातून हिरव्या बाटलीतली एकाच ब्रँडची बिअर दोन आणा. एक कपाटात अंधारात ठेवा, दुसरी गच्चीवर उन्हात, नाशिकच्या मार्चच्या उन्हात अर्धा तास पुष्कळ झाला. मग दोन्ही सारख्याच गार करा आणि बायकोला नाहीतर मित्राला सांगा कुठल्या ग्लासात कुठली ते तुम्हाला न सांगता ओत. उन्हातल्या बाटलीला जळक्या रबरासारखा, काहीसा प्राण्याच्या अंगासारखा उग्र दर्प येईल. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, त्यांच्यातल्या कडू द्रव्यावर उजेड पडला की एक गंधकाचं संयुग तयार होतं त्याचा तो वास, आणि ते इतकं तीव्र असतं की थेंबाच्या हजाराव्या भागानेही नाकाला कळतं. म्हणूनच जुन्या काळापासून तपकिरी बाटली चांगली मानतात, हिरवी कमी आणि पांढरी सगळ्यात कमी. हा वास एकदा नाकात बसला की जन्मभर विसरत नाही.

आल्याचं फसफसणारं पेय, कोम्बुचा म्हणजे आंबवलेला चहा वगैरे बनवून मित्रांत वाटता येईल का असंही तुम्ही खाली विचारलंय. आंबवलं की थोडी दारू त्यातही तयार होते हे ध्यानात ठेवा, आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमात अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं की ते पेय मद्य धरलं जातं. त्यामुळे दोनेक दिवसांत फ्रीजमध्ये टाका, आठवडाभर बाहेर आंबवत बसू नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. चाखायची पद्धत मात्र तीच, कागद, पेन आणि आधी गप्प बसायचं.

मी मूळची सुरगाण्याकडची, आता मखमलाबादला मुलाकडे असते, वय ७१. नातू फोनवर सांगत होता की बिअरसाठी धान्याला मोड आणून वाळवतात. मी म्हटलं अरे मग आम्ही नागलीचं सत्त्व करतो ते काय वेगळं? तो हसला. खरं काय ते तुम्ही सांगा बाई.

आजी, तुम्ही बरोबर आणि नातवाने हसायचं काही कारण नव्हतं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, तिकडे ते बार्लीचं करतात म्हणजे आपल्या जवाचं. नागली भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, थोडी भाजायची, दळायची, वस्त्रगाळ करायची, यातलं दळायच्या आधीपर्यंतचं काम माल्ट बनवणाऱ्याच्या कामासारखंच आहे. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि ते स्टार्च फोडून साखर करतात, म्हणून तर सत्त्वाची पेज साध्या नागलीच्या पिठाच्या पेजेपेक्षा पातळ आणि गोडसर होते, लहान बाळाला पचते. बिअरवाले हेच काम साधारण ६५ ते ६८ अंशाच्या गरम पाण्यात तासभर करून घेतात. फार गरम पाणी झालं की एन्झाइम मरतात आणि गोडी येत नाही. आणि नागलीच कशाला, नेपाळ, सिक्कीमकडे तोंग्बा नावाचं पेय नागलीच आंबवून करतात, गरम पाणी ओतून नळीने पितात.

नातू पुढच्या वेळी आला की त्याला बार्लीचं माल्ट मूठभर आणायला सांगा आणि तुमची मोड आणून भाजलेली नागली शेजारी ठेवा. दोन्ही नुसतं चावून बघा, दारूचा संबंधच नाही त्यात. बार्ली चावली की आधी कुरकुरीत आणि मग गोड दुधाच्या बिस्किटासारखी लागते, नागलीला मातीचा, भाजल्याचा वास जास्त. तुम्हाला जेवढा फरक कळेल तेवढा त्याला कळणार नाही, आयुष्यभर धान्य निवडलंय तुम्ही.

मुलगा मेलबर्नहून आला, त्याने बनवलेली बिअर मी स्वयंपाकघरात उघडली तर अर्धी छताला! उरलेल्या दोन बाटल्या उघडायची भीती वाटतेय. – एक वाचक, पंचवटी

आधी त्या दोन बाटल्या फ्रीजमध्ये उभ्या ठेवा, आडव्या नाही, निदान दोन दिवस. प्रवासात हललेला गाळ खाली बसेल आणि गार बिअरमध्ये गॅस जास्त विरघळून राहतो. मग सिंकमध्ये धरून, वर टॉवेल टाकून, झाकण जरासं सैल करा आणि फुस्स झालं की थांबा, पुन्हा जरासं. चेहरा लांब. बाटली खोलीत उन्हाजवळ अजिबात ठेवू नका, काच फुटते, हसण्यावारी नेऊ नका.

मुलाला तीन गोष्टी विचारा. बाटलीत भरताना साखर किती घातली, लिटरला साधारण सहा ग्रॅमच्या आसपास असते, डोळ्याच्या अंदाजाने चमचे टाकले असतील तर तिथेच उत्तर मिळालं. आंबणं पूर्ण संपलं होतं का, म्हणजे हायड्रोमीटरचं (साखर किती उरलीय ते दाखवणाऱ्या नळीचं) रीडिंग लागोपाठ दोनतीन दिवस तेच येत होतं का, नसेल तर उरलेली साखर बाटलीत आंबत राहिली. आणि चव कशी आहे, आंबटसर, पातळ, आधी नव्हती तशी झाली असेल तर बाहेरचं जंगली यीस्ट नाहीतर बॅक्टेरिया शिरलेत, बाटल्या नीट निर्जंतुक झाल्या नव्हत्या. पहिल्या दोन गोष्टींचा चवीवर फार परिणाम नाही, ओतून फेस बसू द्या आणि खुशाल चाखा. ओतताना खालचं बोटभर बाटलीतच राहू द्या, तो यीस्टचा गाळ असतो, घातक नाही पण चव बिघडवतो.

माझे भाऊ सगळे चाखायला बसतात, मी पीत नाही आणि प्यायचीही नाहीये. पण मला बसायला आवडेल. त्यात माझं काय काम? – एक वाचक, सिडको

काम आहे ना, बसा की. चवीतला मोठा भाग वासाचा असतो आणि त्याला घोट लागत नाही. तुमच्यापुढे पण ग्लास ठेवायला सांगा, हुंगा आणि लिहा. पिणाऱ्यांची जीभ तिसऱ्या चौथ्या ग्लासाला थकते, तुमचं नाक शेवटपर्यंत ताजं राहतं, त्यामुळे शेवटच्या बाटलीबद्दल तुमची चिठ्ठी सगळ्यांत आधी वाचायला सांगा. मध्येच वास येईनासा झाला तर स्वतःच्याच ओढणीचा नाहीतर मनगटाचा वास घ्या आणि परत ग्लासाकडे या, नाक पुन्हा चालू होतं. आणि भावांची बडबड सुरू व्हायच्या आत चिठ्ठ्या गोळा करायचं कामही तुम्हीच घ्या.